आधी बटण, मग कार्ड: जपानच्या वेंडिंग मशीनवर कार्ड आणि फोनने पैसे कसे द्यावेत

जपानमध्ये सुमारे ४० लाख वेंडिंग मशीन आहेत आणि त्यातली निम्म्याहून जास्त पेयांची. रेल्वेच्या फलाटावर, गल्लीच्या तोंडाशी, हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, अगदी भातशेताच्या कडेलाही एखादं उभं असतं. त्यामुळे पाणी, चहा, कॉफी मिळायची कधी पंचाईत होत नाही. पंचाईत होते ती पैसे देताना. भारतातून येणाऱ्या माणसाला चहाच्या टपरीवरही क्यूआर कोड स्कॅन करायची सवय असते, आणि इथल्या मशीनवर मात्र आठ-दहा चिन्हांची पट्टी लावलेली दिसते. त्यातलं आपल्याकडचं एकही नसतं. यूपीआय चालेल असं गृहीत धरून निघू नका.

जपानमध्ये फिरायला, शिकायला किंवा नोकरीसाठी पहिल्यांदाच येणाऱ्यांनी काय करावं, हे इथे सविस्तर लिहितो आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: विमानतळावर उतरल्या उतरल्या प्लास्टिकचं रेल्वे कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं आणि टेकवून वापरायचं कार्ड, घ्या. फोनचं नंतर बघता येईल. ज्या मशीनवर रोख पैशांशिवाय दुसरं काहीही चालतं, तिथे बहुतेक वेळा हे कार्ड चालतंच.

रोखीवर का विसंबू नये

वेंडिंग मशीन १०, ५०, १०० आणि ५०० येनची नाणी घेतं, नोट घेतलीच तर १००० येनची. १ आणि ५ येनची नाणी चालत नाहीत, आणि ५००० किंवा १०,००० येनची नोट सहसा चालत नाही. एटीएममधून मात्र बहुधा १०,००० च्याच नोटा हातात पडतात. त्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन रंगांचं नवं ५०० येनचं नाणं आलं आणि ३ जुलै २०२४ ला तिन्ही नोटा बदलल्या. ज्या जुन्या मशीनचे सुटे भाग बदललेले नाहीत, ती नवी नोट किंवा नवं नाणं आत घेऊन तसंच परत बाहेर टाकतात. नोट सरळ करून, उलटून पुन्हा पुन्हा घालण्यात अर्थ नाही. ते मशीन ती नोट ओळखतच नाही.

तरीही खिशात १०० येनची चार-पाच नाणी असू द्या. कुठे लागतील ते पुढे येईलच.

कोणतं कार्ड, कुठून, किती पैशांचं

तोक्यो आणि आसपासच्या जेआर ईस्ट रेल्वेचं कार्ड म्हणजे सुइका. ते १८ नोव्हेंबर २००१ ला सुरू झालं. तोक्योतल्याच खासगी रेल्वे आणि मेट्रोचं पास्मो २००७ मध्ये आलं. ओसाका-क्योतोकडे जेआर वेस्टचं इकोका मिळतं. होक्काइदो, नागोया, फुकुओका इथली कार्डं निराळी. पण २३ मार्च २०१३ पासून अशी दहा कार्डं एकमेकांच्या भागात चालू लागली, त्यामुळे तोक्योत घेतलेलं सुइका ओसाकाच्या मशीनवर खुशाल टेकवा. यातला एक बारकावा लक्षात असू द्या: खरेदीसाठी दहापैकी नऊच कार्डं धरली जातात. कानसाई भागातलं पितापा हे बिल मागाहून भरायचं कार्ड असल्यामुळे खरेदीच्या या परस्पर व्यवस्थेत नाही. पर्यटकाच्या हातात ते येण्याची शक्यता कमीच, पण ओसाकातल्या कुणी वापरायला दिलं तर ते काही मशीनवर का चालत नाही, याचा उलगडा होईल.

२०२३ च्या उन्हाळ्यात चिपच्या तुटवड्यामुळे साध्या सुइका आणि पास्मोची विक्री थांबली होती. त्या काळात लिहिलेले सल्ले अजूनही वाचायला मिळतात. ते सोडून द्या. १ मार्च २०२५ पासून दोन्ही कार्डं पुन्हा मिळू लागली आहेत.

साधं सुइका तोक्यो भागातल्या जेआर स्टेशनवरच्या तिकीट मशीनमधून निघतं. मशीनचा पडदा इंग्रजीत करता येतो, पैसे मात्र रोख द्यायचे. यात ५०० येन अनामत असते, म्हणजे १००० येन दिले तर ५०० वापरायला मिळतात. पर्यटकांसाठी ‘वेलकम सुइका’ हे वेगळं कार्ड आहे. त्याला अनामत नाही, ते २८ दिवस चालतं आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत. हानेदा आणि नारिता या दोन्ही विमानतळांच्या स्टेशनवर त्याची मशीन आहेत.

दोन-तीन आठवड्यांसाठी येणाऱ्याने वेलकम सुइका घ्यावं, राहायला येणाऱ्याने साधं. पण तुमच्याकडे आयफोन असेल आणि कार्ड फोनमध्ये घ्यायचं असेल, तर दोन आठवड्यांसाठीसुद्धा साधंच घ्या. वेलकम सुइका फोनमध्ये हलवता येत नाही.

कार्डात जास्तीत जास्त २०,००० येन मावतात. पण एवढे भरू नका. साध्या कार्डाला पिन नाही, सही नाही. हरवलं तर ज्याला सापडेल तो वापरू शकतो. नाव नोंदवून घेतलेलं कार्ड हरवलं तर दुसरं करून मिळतं, वेलकम सुइकाचं तसं होत नाही. २००० किंवा ३००० येन भरावेत आणि संपत आले की पुन्हा भरावेत. स्टेशनवरच्या मशीनवर, सेव्हन-इलेव्हनमधल्या सेव्हन बँकेच्या एटीएमवर किंवा कुठल्याही मोठ्या साखळीच्या छोट्या दुकानाच्या गल्ल्यावर हे होतं. गल्ल्यावर कार्ड दाखवून “चार्ज” एवढंच म्हणा आणि नोट पुढे करा. गल्ल्यावरच्या माणसाला दुसरं काही सांगावं लागत नाही.

मशीनसमोर उभं राहिल्यावर

आधी मशीनवर काळा चौकोन शोधा. नाणी घालायच्या खाचेच्या आसपास, छातीच्या उंचीवर, तळहाताएवढा रीडर असतो. वर छोटा पडदा, खाली कार्ड टेकवायची जागा, आणि बाजूला किंवा खाली चालणाऱ्या कार्डांच्या चिन्हांची पट्टी. त्या पट्टीत सुइका, पास्मो, इकोका यांपैकी एक जरी दिसलं, तरी तुमचं कार्ड चालणार. काळा चौकोन नसेल तर ते मशीन फक्त रोख घेतं. कार्ड काढायचे कष्ट घेऊ नका.

आता क्रम. नाणी घालताना आधी पैसे आणि मग बटण असा क्रम असतो. कार्डाच्या बाबतीत बहुतेक मशीनवर तो नेमका उलटा आहे: आधी हव्या त्या पेयाचं बटण, मग कार्ड. नवखा माणूस अडकतो तो इथेच. तोक्योतल्या निशी-कासाईला मराठी आणि एकूणच भारतीय वस्ती मोठी आहे. तिथे घरी आलेल्या काकांना स्टेशनबाहेरच्या मशीनपाशी घेऊन गेलो होतो. त्यांनी रेल्वेच्या फाटकावर टेकवतात तसं कार्ड थेट रीडरवर धरलं आणि वाट बघत राहिले. पडदा काळाच.

“अरे, कार्डात पैसे नाहीत वाटतं.”

“आहेत, काका. आधी चहाचं बटण दाबा.”

त्यांनी हिरव्या चहाचं बटण दाबलं. रीडरभोवती निळा उजेड आला, पडद्यावर १६० चा आकडा उमटला. कार्ड टेकवलं, ‘पी’ असा आवाज झाला, १६० जाऊन तिथे उरलेली शिल्लक दिसली आणि बाटली धडकन खाली पडली. पुढची बाटली त्यांनी माझ्या आधी काढली.

बटण दाबल्यावर रीडर थोडा वेळच जागा राहतो. तेवढ्यात कार्ड टेकवलं नाही तर तो पुन्हा झोपतो. पैसे जात नाहीत, बटण परत दाबायचं. म्हणून कार्ड हातात तयार ठेवूनच बटण दाबा.

काही रीडरवर मधे आणखी एक पायरी असते. पट्टीतली चिन्हं ही दाबायची बटणं असतात, किंवा छोट्या पडद्यावर पर्याय येतात: रेल्वे कार्ड, आयडी, क्विकपे, एदी, नानाको, वाओन (या जपानमधल्या टेकवून पैसे द्यायच्या इतर सेवा), आणि नव्या रीडरवर क्रेडिट कार्ड. इथे आपलं कोणतं ते सांगावं लागतं. सुइका-पास्मोवाल्यांनी रेल्वे कार्डांचा पर्याय निवडायचा. त्याच्याजवळ सुइकासारखी ओळखीची चिन्हं दिसतात. मोठा टचस्क्रीन असलेल्या काही मशीनवर क्रम वेगळाही असतो. शंका आली तर रीडरशेजारचं स्टिकर बघा. त्यावर बोट आणि कार्ड यांची चित्रं आकड्यांसह क्रमाने काढलेली असतात. जपानी वाचता येत नसलं तरी ती समजतात.

टेकवणं म्हणजे सपाट टेकवून आवाज येईपर्यंत धरून ठेवणं. ओझरतं फिरवू नका. या कार्डांतली चिप सोनीच्या फेलिका तंत्राची आहे. हाँगकाँगच्या ऑक्टोपस कार्डात १९९७ पासून तीच वापरली जाते. जपानी रेल्वेच्या फाटकावरची गर्दी अडू नये म्हणून सारा व्यवहार ०.२ सेकंदात आटपेल अशी ती बसवली आहे. शिल्लक रक्कम चिपवरच लिहिलेली असते, त्यामुळे मशीनला दर वेळी कुठल्या बँकेला विचारावं लागत नाही. म्हणूनच डोंगरातल्या एकाकी मशीनवरही रीडर असेल तर कार्ड झटकन चालतं.

आणखी काही गोष्टी मशीनसमोरच कामी येतात. बटणाखालची पट्टी लाल असेल तर पेय गरम, निळी असेल तर गार. हिवाळ्यात एकाच मशीनमध्ये दोन्ही असतात आणि कॉफीचा कॅन तर दोन्ही प्रकारांत असतो, तेव्हा रंग बघूनच बटण दाबा. कार्डाच्या व्यवहारात बटण दाबल्यावर विचार बदलला तर नुसतं थांबायचं. शाकाहारी मंडळींसाठी: हिवाळ्यात मिळणाऱ्या मक्याच्या सूपच्या कॅनमध्ये बऱ्याचदा कोंबडीचा अर्क असतो. चित्रात मका दिसतो म्हणून घेऊ नका.

आणि एका कार्डावर सगळ्या कुटुंबाच्या बाटल्या घेता येतात. रेल्वेच्या फाटकावर माणशी एक कार्ड लागतं, मशीनवर तशी अट नाही. एक बटण, एकदा टेकवणं, असं दर बाटलीला करायचं.

अडलं तर

*पडद्यावर आकडा आला, पण वेगळाच आवाज होऊन काही पडलं नाही.* शिल्लक कमी आहे. मशीनवर अर्धे पैसे कार्डातून आणि अर्धे नाण्यांनी देता येत नाहीत. पूर्ण किंमत कार्डात हवी.

*नाणी आधीच घातली आहेत आणि कार्ड घेत नाही.* परतीचा दांडा खाली ओढा, नाणी बाहेर काढा, मग बटणापासून सुरुवात करा.

*रीडर काहीच ओळखत नाही.* पाकिटात दोन रेल्वे कार्डं एकावर एक असतील. सुइका आणि पास्मो दोन्ही बाळगणाऱ्यांना हे हमखास होतं. हवं ते एकच बाहेर काढा.

*मधेच कार्ड उचललं गेलं आणि पडद्यावर पुन्हा टेकवायची खूण येते आहे.* इथे घाई करू नका. व्यवहार अर्धवट आहे, आणि तो पुरा करायला तेच कार्ड पुन्हा टेकवावं लागतं. दुसरं कार्ड किंवा फोन पुढे करू नका, निघूनही जाऊ नका.

*पैसे गेले, बाटली आली नाही.* मशीनवर चालवणाऱ्या कंपनीचा फोन नंबर आणि त्या मशीनचा स्वतःचा क्रमांक लिहिलेलं स्टिकर असतं. दोन्हीचा फोटो काढा, वेळ टिपून ठेवा आणि हॉटेलच्या काउंटरवर किंवा ऑफिसातल्या जपानी सहकाऱ्याला फोन लावायला सांगा. कार्डावर शेवटचे २० व्यवहार नोंदलेले असतात, त्यामुळे पैसे गेल्याचा पुरावा तुमच्या हातातच असतो. जाता जाता सांगतो, बहुतेक मशीनवर त्या जागेचा पत्ताही चिकटवलेला असतो. रस्त्यात कुणाची तब्येत बिघडली आणि रुग्णवाहिकेला पत्ता सांगायची वेळ आली, तर जवळचं वेंडिंग मशीन बघा.

फोनने पैसे देणं: आयफोन

जपानमध्ये फोन टेकवून पैसे द्यायची सोय एनटीटी दोकोमोने २००४ मध्ये आणली आणि मोबाइल सुइका २००६ मध्ये आलं. त्यामुळे मशीनवरचे रीडर फोनला सरावलेले आहेत. प्रश्न आपल्या फोनचा असतो.

आयफोन ८ आणि त्यानंतरचे सगळे आयफोन, कुठल्याही देशात विकत घेतलेले असोत, त्यांत फेलिका आहे. पुण्यात घेतलेला आयफोनही चालतो. आयफोनच्या वॉलेट अ‍ॅपमध्येच नवं सुइका काढून त्यात पैसे भरायचा रस्ता सर्वांत सोपा, पण त्यासाठी अ‍ॅपल पेमध्ये जोडलेलं बँक कार्ड लागतं. भारतीय बँकांची कार्डं घेऊन येणाऱ्या बहुतेकांकडे ते नसतं. त्यांनी प्लास्टिकच्या कार्डाचा रस्ता धरावा.

तो असा. स्टेशनवर साधं सुइका रोखीने घ्या. फोनचं इंटरनेट चालू ठेवा. वॉलेट उघडा, अधिकच्या खुणेवर जा, प्रवासाच्या कार्डांत सुइका निवडा आणि आधीचं कार्ड हलवण्याचा पर्याय घ्या. कार्डाच्या मागे खालच्या कोपऱ्यात ‘जेई’ या रोमन अक्षरांनी सुरू होणारा लांब क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे द्या. नाव नोंदवलेलं कार्ड असेल तर जन्मतारीखही विचारली जाते. मग कार्ड लाकडी टेबलावर ठेवून फोनचा वरचा भाग त्यावर टेकवा आणि पुरं झाल्याची खूण येईपर्यंत हलवू नका. अनामतीचे ५०० येनसुद्धा शिल्लक रकमेत जमा होऊन येतात.

हे करण्याआधी दोन गोष्टींचा विचार करा. एकदा हलवलं की प्लास्टिकचं कार्ड कायमचं निकामी होतं, ते परत जिवंत करता येत नाही. आणि फोनमधल्या सुइकातले पैसे परत मागायचे तर जपानी बँकेत खातं लागतं. म्हणून फोनमध्ये थोडेच पैसे ठेवा. नंतर भरायचे तेव्हा दुकानाच्या गल्ल्यावर किंवा सेव्हन बँकेच्या एटीएमवर फोन टेकवून रोख भरता येतात.

मशीनवर क्रम तोच: बटण, मग फोन. फोनचा वरचा मागचा भाग रीडरवर धरा. सुइका ‘एक्स्प्रेस’ कार्ड म्हणून लावलेलं असेल तर फोन उघडावा लागत नाही, चेहराही दाखवावा लागत नाही. आयफोन एक्सएस आणि पुढच्या फोनमध्ये तर बॅटरी संपून फोन बंद पडल्यावरही काही तास ते चालतं.

अँड्रॉइडवाल्यांसाठी

इथे स्पष्टच सांगायला हवं. भारतात विकल्या जाणाऱ्या अँड्रॉइड फोनमध्ये एनएफसी (टेकवून काम करणारी चिप) असलं तरी जपानी कार्ड फोनमध्ये ठेवायची सोय नसते, त्यामुळे त्यात सुइका बसवता येत नाही. त्यासाठी अ‍ॅप शोधत रात्र घालवू नका. प्लास्टिकचं कार्ड वापरा. पण तोच फोन कार्ड वाचू शकतो. प्ले स्टोअरवर जपानी रेल्वे कार्डांची शिल्लक दाखवणारी अ‍ॅप आहेत. कार्ड फोनच्या मागे धरलं की शिल्लक आणि आधीच्या नोंदी दिसतात. आई-वडिलांना एकटं फिरायला सोडताना रात्री त्यांच्या कार्डात किती उरलेत हे बघायला याचा फार उपयोग होतो.

भारतीय क्रेडिट किंवा डेबिट कार्ड

नव्या रीडरवर चार वक्र रेषांची ‘टॅप’ची खूण आणि व्हिसा-मास्टरकार्डची चिन्हं दिसू लागली आहेत. तिथे तुमचं टॅपवालं भारतीय कार्ड चालू शकतं, पण ते निघण्याआधीच तयार करून ठेवावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन परदेशातला वापर आणि टॅप या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे सुरू करा, मर्यादाही घालून घ्या. मशीनवर बटण दाबून, क्रेडिटचा पर्याय निवडून कार्ड टेकवायचं. सुइकापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, कारण इथे बँकेची परवानगी यावी लागते. बहुतेक कार्डांवर चलन बदलण्याचा आकार लागतो, म्हणून प्रत्येक बाटलीसाठी हे कार्ड काढण्यापेक्षा सुइकाच बरं. सुइका संपलंय आणि तहान लागली आहे, अशा वेळी ते हाताशी असावं.

इथे राहणाऱ्यांसाठी दोन अ‍ॅप

जपानी मोबाइल नंबर मिळाला की पेपे घेता येतं. २०१८ मध्ये आलेलं हे क्यूआर कोडचं पाकीट यूपीआयच्या सवयीला सर्वांत जवळचं आहे. बऱ्याच मशीनवर कोड स्कॅन करून त्याने पैसे देता येतात. दुसरं कोका-कोलाचं ‘कोक ऑन’. त्याचं चिन्ह असलेल्या मशीनजवळ ब्लूटूथ चालू ठेवून गेलं की फोन मशीनशी जोडला जातो आणि खरेदीला एक शिक्का जमा होतो. १५ शिक्के झाले की एक पेय फुकट. ऑफिसात रोज एकाच मशीनवर कॉफी घेणाऱ्याने ते जरूर घ्यावं. आठवड्याभरासाठी आलेल्याने त्यात पडू नये.

जिथे नाणीच लागतात

देवळांच्या आवारातली, डोंगरवाटांवरची, जुन्या वस्त्यांमधली बरीच मशीन अजून फक्त रोख घेतात. रामेनच्या (नूडल्सच्या सूपच्या) छोट्या दुकानांच्या दाराशी असलेली जेवणाच्या कुपनांची मशीनही पुष्कळदा तशीच. १०० येनची नाणी ठेवायला सांगितली ती यासाठी.

स्टेशनवरचे सामानाचे लॉकर मात्र बऱ्याच ठिकाणी रेल्वे कार्ड घेतात, आणि तिथे कार्ड हीच किल्ली असते. ज्या कार्डाने लॉकर बंद केला, त्याच कार्डाने तो उघडतो. सामान आत असताना ते कार्ड फोनमध्ये हलवायला बसू नका आणि ते घेऊन घरातलं कुणी दुसऱ्या गावाला जाणार नाही एवढं बघा.

परत निघताना उरलेले पैसे

साधं सुइका जेआर ईस्टच्या काउंटरवर परत केलं तर ५०० येन अनामत मिळते, पण शिल्लक रकमेतून २२० येन कापले जातात. शिल्लक २२० किंवा त्याहून कमी असेल तर फक्त अनामत हाती येते. म्हणून आधी शिल्लक संपवा, मग कार्ड परत करा. सुइका जेआर ईस्टच्याच भागात परत होतं आणि इकोका जेआर वेस्टच्या. ओसाकाहून विमान पकडणार असाल तर तोक्यो सोडतानाच सुइकाचं काय ते ठरवा.

शिल्लक शून्यावर आणायला वेंडिंग मशीन उपयोगाचं नाही, कारण शेवटचे ७० किंवा ९० येन तिथे अडकतात. ते दुकानात संपवा. बहुतेक साखळी दुकानांच्या गल्ल्यावर कार्डातली सगळी रक्कम वळती करून वरचे पैसे रोख देता येतात. मुठीतली सुटी नाणीही तिथेच द्या; वेंडिंग मशीन न घेणारी १ आणि ५ येनची नाणी तिथे चालतात. पुन्हा यायचा बेत असेल तर साधं कार्ड परत करूच नका. शेवटच्या वापरापासून १० वर्षं ते चालू राहतं.